परक्या राष्ट्रभक्तांच्या व्यासपीठावर

राष्ट्रवादी वक्ता आपल्याच देशात बोलतो तेव्हा त्याचे काम सोपे असते. श्रोत्यांची भाषा तीच, वीरपुरुष तेच आणि जखमाही त्याच. पण त्यालाच परदेशातल्या राष्ट्रवादी तरुणांच्या परिषदेत पाहुणा म्हणून बोलावले, तर त्याने बोलायचे काय? आपला देश सर्वांत थोर असे म्हणायची सोय नाही, कारण समोरच्यांचीही आपापल्या देशाबद्दल तीच खात्री असते. सीमेचा विषय काढावा, तर एकाने गमावलेला प्रांत दुसऱ्याने मिळवलेला असतो. हंगेरीतल्या तरुणाला १९२० चा त्रियानोंचा तह ही भळभळती जखम वाटते, आणि त्याच तहाने ट्रान्सिल्व्हानिया मिळालेल्या रुमानियातल्या तरुणाला तो न्याय वाटतो. हे दोघे एकाच सभागृहात शेजारी बसून टाळ्या वाजवतात, ते कशाला?

हा प्रश्न गंमतीचा वाटला तरी युरोपचा दोनशे वर्षांचा इतिहास त्याच्याभोवती फिरला आहे. अशा परिषदा, मेळावे, शिबिरे तिथे १८१७ पासून भरत आली आहेत. मशाली, गाणी, झेंडे आणि तरुण रक्ताला साद घालणारे भाषण हा त्यांचा साचा फारसा बदललेला नाही. बदलत गेली ती लोकांना एकत्र बसवणारी गोष्ट. कधी ती सर्वांना लागू पडणारे एखादे तत्त्व होती, तर कधी सर्वांनी मिळून ठरवलेला एखादा परका. कोणती परिषद कशाच्या जोरावर उभी होती, हे पाहिले की तिचे पुढे काय झाले तेही बऱ्याच अंशी उलगडते.

वार्टबुर्गची शेकोटी

१८ ऑक्टोबर १८१७ रोजी जर्मनीतल्या आयझेनाख गावाजवळच्या वार्टबुर्ग किल्ल्यावर सुमारे पाचशे विद्यार्थी जमले. याच किल्ल्यात मार्टिन ल्यूथरने अज्ञातवासात बायबलच्या नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले होते. ल्यूथरच्या धर्मसुधारणेला तीनशे वर्षे पूर्ण होत होती आणि नेपोलियनचा पराभव करणाऱ्या लाइपझिगच्या लढाईला चार. त्या वेळी जर्मनी नावाचा एक देश नव्हता. लहानमोठी एकोणचाळीस राज्ये होती. विद्यार्थ्यांची मागणी होती एकसंध राष्ट्राची आणि राजांनी कबूल केलेल्या राज्यघटनांची. येना विद्यापीठात १८१५ मध्ये स्थापन झालेल्या बुर्शेनशाफ्ट या विद्यार्थी संघटनेचा त्यात पुढाकार होता. तिच्याशी जोडलेले काळा, लाल आणि सोनेरी हे रंग आज जर्मनीच्या राष्ट्रध्वजात आहेत.

इथपर्यंतची हकीकत मन उल्हसित करणारी आहे. पण त्याच संध्याकाळी मुख्य समारंभ संपल्यावर काही विद्यार्थ्यांनी शेकोटी पेटवली. रद्दी कागदाच्या गठ्ठ्यांवर पुस्तकांची नावे लिहून ते गठ्ठे आगीत टाकण्यात आले. त्यांत नेपोलियनची कायदेसंहिता होती, नाटककार कोत्सेबूने लिहिलेला जर्मन इतिहास होता आणि झाउल आशर या ज्यू लेखकाची एक पुस्तिकाही होती. जर्मनपणाचे वेड अखेर ज्यूंच्या आणि फ्रेंचांच्या द्वेषावर पोसले जाते, असा इशारा आशरने त्या पुस्तिकेत दिला होता. तो खोडून काढण्याऐवजी विद्यार्थ्यांनी तो जाळला. पुढच्या काही वर्षांत काही विद्यार्थी संघटनांनी ज्यूंना सभासदत्वाचे दार बंद केले. वार्टबुर्गला हजर असलेल्या कार्ल लुडविग झांड या विद्यार्थ्याने मार्च १८१९ मध्ये कोत्सेबूचा भोसकून खून केला. राज्यकर्त्यांना निमित्तच हवे होते. त्याच वर्षीच्या कार्ल्सबाद आदेशांनी विद्यापीठे आणि वृत्तपत्रे यांच्यावर कडक पहारा बसला.

म्हणजे एकाच दिवशी, एकाच डोंगरावर दोन्ही गोष्टी होत्या. दिवसा संविधानाची मागणी झाली आणि रात्री नको असलेल्या माणसाचे नाव आगीत गेले. युरोपातील तरुण राष्ट्रवादाचे पहिले पर्व निर्मळ आणि नंतरचे बिघडलेले, अशी सोपी विभागणी म्हणूनच करता येत नाही.

बर्नचा करार आणि पुण्यात छापलेले पुस्तक

वार्टबुर्गला परदेशी पाहुण्यांचा प्रश्न आला नव्हता. तो आला २७ मे १८३२ रोजी, हांबाखच्या पडक्या किल्ल्यावर. तिथे वीस ते तीस हजार लोक जमले. रशियाविरुद्धचा उठाव फसल्यामुळे परागंदा झालेले पोलिश देशभक्त त्यांत होते, स्ट्रासबुर्गहून आलेले फ्रेंचही होते. जर्मन तिरंग्याशेजारी पोलंडचा पांढरा-लाल झेंडा फडकला. स्वतंत्र राष्ट्रांचे संघराज्य असलेल्या युरोपचे स्वप्न व्यासपीठावरून मांडले गेले. मात्र तिथेही एक ठिणगी उडालीच. प्रमुख वक्त्यांपैकी योहान गेओर्ग विर्ट याने फ्रेंच मित्रांना बजावले, की तुमच्या मदतीची किंमत म्हणून ऱ्हाइन नदीचा डावा काठ मिळणार नाही. पाहुण्यांचे स्वागत आणि सीमेची ताकीद एकाच व्यासपीठावरून झाली.

या पेचाला पहिले नीट उत्तर दिले ते मॅझिनीने. १८३१ मध्ये मार्सेय येथे त्याने ‘तरुण इटली’ ही संघटना काढली. १५ एप्रिल १८३४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे इटालियन, जर्मन आणि पोलिश अशा मोजक्या निर्वासितांनी ‘तरुण युरोप’च्या करारावर सह्या केल्या. स्वातंत्र्य, समता आणि मानवता हे त्यांचे ब्रीद होते. मॅझिनीचा विचार थोडक्यात असा होता: प्रत्येक राष्ट्राला मानवजातीसाठी काही विशिष्ट कार्य करायचे असते, आणि ते पार पाडण्यासाठी त्याला स्वातंत्र्य हवे. म्हणून पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी झटणे हे इटालियन तरुणाचेही कर्तव्य ठरते. या मांडणीत परदेशी राष्ट्रभक्ताला काय सांगायचे हा प्रश्नच उरत नाही. तू तुझ्या देशासाठी जे मागतोस तेच मी माझ्या देशासाठी मागतो, आणि ते नाकारणारा सम्राट दोघांचाही विरोधक आहे, इतके सांगितले की पुरे.

संघटना म्हणून ‘तरुण युरोप’ दोन-तीन वर्षांतच विस्कटली. पण तिचे शब्द दूरवर गेले, आणि मराठी वाचकाचा या इतिहासाशी संबंध जुळतो तो इथेच. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी बंगालमध्ये मॅझिनीवर व्याख्याने दिली. लाला लजपतराय यांनी उर्दूत त्याचे चरित्र लिहिले. १९०६ मध्ये लंडनला पोहोचलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी मॅझिनीच्या लेखनाचा मराठी अनुवाद केला, त्याला प्रस्तावना जोडली आणि १९०७ मध्ये तो पुण्यात छापून निघाला. इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. ‘अभिनव भारत’ हे नावच ‘तरुण इटली’च्या धर्तीवरचे होते. सातासमुद्रांपलीकडच्या राष्ट्रभक्ताचे शब्द इथे लागू पडले, कारण त्यांतले तत्त्व इटलीपुरते नव्हते. परक्या साम्राज्याखाली असलेल्या कोणालाही ते उचलता येत होते.

माँत्रो आणि व्हिएन्ना

शंभर वर्षांनी चित्र पालटले. इटली आणि जर्मनी ही आता स्वतंत्र, बलाढ्य राष्ट्रे होती. १६ आणि १७ डिसेंबर १९३४ रोजी स्वित्झर्लंडमध्येच, माँत्रो येथे, मुसोलिनीच्या पाठिंब्याने युरोपातील फॅसिस्ट संघटनांची परिषद भरली. यजमान होता एउजेनियो कोसेल्स्की. नॉर्वेचा क्विसलिंग, आयर्लंडचा ओडफी, रुमानियाच्या ‘आयर्न गार्ड’चा तरुण नेता इऑन मोत्सा असे तेरा देशांतले प्रतिनिधी आले. जर्मनीचे नाझी मात्र आले नाहीत.

परिषदेपुढचा प्रश्न सरळ होता: आपल्या सर्वांना जोडणारे सूत्र कोणते? इटालियन यजमान रोमच्या वैश्विक वारशाची भाषा बोलत होते. वंश हा त्यांच्या मते मुख्य मुद्दा नव्हता. मोत्साचा आग्रह होता की ज्यूंचा विरोध हाच सर्वांचा समान धागा असला पाहिजे. बराच वाद झाला आणि शेवटी दोन्ही बाजूंना आपापला अर्थ काढता येईल असा गुळमुळीत ठराव झाला. पुढच्या एक-दोन बैठकींत हा उपक्रम विरून गेला. मॅझिनीच्या करारात दुसऱ्याचे स्वातंत्र्य हे आपलेही काम होते. माँत्रोत जमलेल्यांना दुसऱ्याच्या देशाबद्दल तसे काहीच वाटत नव्हते. म्हणून समान तत्त्व नसेल तर समान शत्रू तरी ठरवा, असा मोत्साचा हिशेब होता.

तो हिशेब आठ वर्षांनी व्हिएन्नात पुरा झाला. सप्टेंबर १९४२ मध्ये तिथे ‘युरोपीय युवक संघ’ स्थापन झाला. जर्मनीच्या बाजूच्या किंवा तिच्या टाचेखालच्या देशांतल्या युवक संघटनांचे प्रतिनिधी गणवेश घालून आले होते. यजमान होता बाल्डुर फॉन शिराख, हिटलर युवक दलाचा माजी प्रमुख आणि आता व्हिएन्नाचा प्रांताधिकारी. नाना देशांच्या तरुणांपुढे बोलताना त्याने युरोपीय संस्कृतीचा गौरव केला. मग तो म्हणाला, की या शहरातून हजारो ज्यूंना पूर्वेकडच्या वस्त्यांत हाकलल्याचा ठपका कोणी आपल्यावर ठेवला, तर आपण ती कृती युरोपीय संस्कृतीला दिलेले योगदान मानतो. तेव्हा व्हिएन्नाहून गाड्या सुटत होत्या, आणि त्यांतून गेलेल्यांपैकी फारच थोडे परतले.

हे भाषण न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून वाचले गेले. आपण तसे बोललो हे शिराखने कबूल केले, आणि हिटलरवरच्या चुकीच्या निष्ठेपोटी बोललो असेही सांगितले. १ ऑक्टोबर १९४६ रोजी न्यायालयाने त्याला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यासाठी वीस वर्षांची शिक्षा दिली. युवक परिषदेतली भाषणे बहुतेक दुसऱ्या दिवशी विसरली जातात. हे मात्र खटल्याच्या कागदपत्रांत कायमचे राहिले.

जुन्या मालाला नवे वेष्टन

महायुद्धानंतर वंशाची उघड भाषा बोलणे अशक्य झाले. मे १९५१ मध्ये स्वीडनमधील माल्मो येथे जुन्या फॅसिस्टांनी पुन्हा युरोपव्यापी आघाडी बांधली, तेव्हा वंशाच्या मुद्द्यावर जेमतेम काही महिन्यांत तिचे दोन तुकडे झाले. खरा बदल घडवला फ्रान्समधल्या बुद्धिवंतांनी. आलाँ द बन्वा यांच्याभोवती १९६८ मध्ये जमलेल्या गटाने ‘श्रेष्ठ-कनिष्ठ’ ही भाषा टाकून ‘भिन्नतेचा हक्क’ ही भाषा घेतली. जर्मन अभ्यासक हेनिंग आइखबेर्ग यांनी १९७० च्या दशकात याच विचाराला ‘एथ्नोप्लुरॅलिझम’ हे नाव दिले. आपण त्याला वंशबहुलतावाद म्हणू. त्याचा सारांश असा: सर्व संस्कृती आदरणीय आहेत, फक्त प्रत्येकीने आपापल्या भूमीत राहावे, सरमिसळ झाली की सगळ्यांचाच नाश.

परिषदेच्या वक्त्याला ही मांडणी फार सोयीची आहे. तिच्या आधारे एस्टोनियाचा तरुण पोर्तुगालमध्ये जाऊन बोलू शकतो. कोणी कोणाला कमी लेखत नाही, सगळे आपापल्या घराचे रक्षक. मॅझिनीच्या विचारासारखीच ती वरवर दिसते. पण मॅझिनी शेजारच्या राष्ट्रासाठी काही करायला सांगत होता, आणि इथे शेजाऱ्याचे एकच काम उरते: त्याने त्याच्या घरी राहावे. आणि जो तीन पिढ्यांपासून इथेच जन्मला, त्याचे घर कोणते हे ठरवण्याचा अधिकार वक्ता स्वतःकडे घेतो.

या विचाराला तरुण चेहरा मिळाला तो २० ऑक्टोबर २०१२ रोजी. ‘जेनेरासियों इदाँतितेर’ या फ्रेंच संघटनेचे सत्तरएक कार्यकर्ते प्वातिए शहरातल्या बांधकाम चालू असलेल्या मशिदीच्या छतावर चढले. इ. स. ७३२ मध्ये शार्ल मार्तेलने अरब फौजेला जिथे रोखले तेच हे गाव. लवकरच ऑस्ट्रिया, जर्मनी, इटलीत शाखा निघाल्या. ऑस्ट्रियाचा मार्टिन सेल्नर हा त्यांचा सर्वांत परिचित चेहरा झाला. फ्रेंच सरकारने ३ मार्च २०२१ रोजी मूळ संघटना विसर्जित केली. माणसे आणि कल्पना यांचा प्रवास मात्र थांबला नाही. १७ मे २०२५ रोजी मिलानजवळच्या गाल्लाराते गावातल्या नाट्यगृहात ‘रिमायग्रेशन’ या एकाच विषयावर युरोपभरच्या कार्यकर्त्यांची परिषद भरली.

तरुण तिथे का जातात

अशा परिषदेचे ठिकाण बहुधा शेवटपर्यंत गुप्त ठेवतात. निदर्शने होतील, हॉटेलवाला ऐनवेळी आरक्षण रद्द करील, ही भीती असते. त्या गुप्ततेचाही एक कैफ असतो. आत व्याख्याने असतात, समाजमाध्यमांचे प्रशिक्षण असते, पुस्तकांचे टेबल असते, शिबिर असेल तर मुष्टियुद्धाचा सराव आणि डोंगरातली पायपीट असते. एकट्या पडलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला इथे मित्र मिळतात आणि आपण इतिहासातल्या मोठ्या लढाईचे सैनिक आहोत असे कोणीतरी सांगते. ही भूक खरी आहे. तिची टिंगल करून काही साधत नाही.

काही ठिकाणी तिच्यामागे खरी जखमही आहे. एस्टोनियाची लोकसंख्या सुमारे तेरा लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या शहराएवढी. जून १९४१ आणि मार्च १९४९ मध्ये सोव्हिएत राजवटीने तिथल्या हजारो कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियाकडे पाठवले. आपली भाषा, आपली माणसे पुसली जातील ही तिथली भीती आजीच्या तोंडून ऐकलेली असते. दर २४ फेब्रुवारीला, स्वातंत्र्यदिनी, ‘सिनिने अरातुस’ (निळी जागृती) ही युवक संघटना २०१४ पासून टालिनमध्ये मशाल मिरवणूक काढते. त्या मशालींमागचे दुःख नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या दुःखाला परिषदेच्या व्यासपीठावर नेले की त्याचा पत्ता बदलतो. गाडीत कोंबणाऱ्या राजवटीऐवजी बोट दाखवले जाते ते सीरियाहून आलेल्या निर्वासिताकडे. ज्याच्या घरच्यांना हाकलून दिले गेले, तोच दुसऱ्या कोणाला तरी परत पाठवण्याच्या योजनेला टाळ्या देतो.

इतिहासाची अडचण

व्यासपीठावरचे भाषण बहुधा एखाद्या लढाईपासून सुरू होते. प्वातिएइतकीच लाडकी लढाई म्हणजे १६८३ ची व्हिएन्नाची. पोलंडचा राजा यान सोबिएस्की कालेनबेर्गच्या टेकडीवरून उतरला आणि त्याने तुर्कांचा वेढा उठवला. एकजूट झालेला युरोप आणि दाराशी आलेला परका, असे हे चित्र. पण कागदपत्रे उघडली की चित्र हलते. हंगेरीचा प्रोटेस्टंट सरदार थ्योक्योली तुर्कांच्या बाजूने होता. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने मदत पाठवली नाही. आणि सोबिएस्कीच्या घोडदळात लिप्का तातार होते, म्हणजे पोलंडचे मुसलमान. शत्रूकडच्या तातारांपासून वेगळे ओळखू यावेत म्हणून त्यांनी शिरस्त्राणात गवताच्या काड्या खोवल्या होत्या, असे सांगतात. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. पानिपतावर भाऊसाहेबांच्या तोफखान्याची धुरा इब्राहीमखान गारद्याकडे होती, आणि मराठ्यांची बाजू न सोडल्याची किंमत त्याने प्राणाने चुकवली.

वर्तमानही अधूनमधून अशीच अडचण करते. जानेवारी २००७ मध्ये युरोपीय संसदेत उजव्या राष्ट्रवादी खासदारांनी ‘ओळख, परंपरा, सार्वभौमत्व’ नावाचा गट स्थापन केला. त्यात इटलीच्या आलेस्सांद्रा मुसोलिनी होत्या आणि रुमानियाचे राष्ट्रवादीही होते. त्या शरद ऋतूत रोममध्ये एका खुनाच्या प्रकरणात रुमानियन माणसाला अटक झाली. मुसोलिनीबाईंनी सरसकट रुमानियन लोकांबद्दल अपमानकारक उद्गार काढले. रुमानियाचे पाच खासदार बाहेर पडले, संख्या किमान मर्यादेखाली गेली आणि नोव्हेंबरमध्ये गट बरखास्त झाला. पुरते वर्षही भरले नव्हते. समान परका ठरवून बांधलेल्या मैत्रीत आपलाच पाळीने नंबर लागतो, हे त्या पाच जणांना तेव्हा कळले असावे.

पाहुण्याची खुर्ची

अलीकडे भारतातल्या काही वाचकांनाही या मंडळींची भाषा ओळखीची वाटते. मुळांचा अभिमान, परंपरा, स्वदेश हे शब्द आपल्याही मनात घर करून आहेत. ‘तुमची संस्कृती महान आहे’ असे त्या व्यासपीठावरून कोणी म्हणाले तर कान सुखावतात. अशा वेळी वंशबहुलतावादाचे दुसरे अर्धे वाक्य ऐकायला थांबावे: महान आहे, पण तुमच्या देशात. बर्लिनमध्ये नोकरी करणारा पुण्याचा अभियंता, लिस्बनमध्ये स्थायिक झालेला गोवेकर, लेस्टरमध्ये जन्मलेली गुजराती मुलगी यांच्यासाठी त्या वाक्यात जागा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये पोट्सडामच्या एका हॉटेलात झालेल्या बैठकीत सेल्नरने ‘रिमायग्रेशन’ची योजना मांडली. नागरिकत्व मिळालेल्या, पण ‘समरस न झालेल्या’ लोकांवरही दबाव आणण्याची भाषा तिथे झाल्याचे वृत्त जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सहभागींनी त्यातील काही भाग नाकारला, न्यायालयीन वादही झाले; पण त्या वृत्ताने लाखो जर्मन नागरिक रस्त्यावर उतरले. कोण समरस झाला हे कोण ठरवणार, हा त्यांचा प्रश्न होता.

व्यासपीठावरच्या शब्दांना पाय फुटतात हे आपल्या काळातही दिसले आहे. फ्रेंच लेखक रनो कामू यांनी २०११ मध्ये ‘महा-स्थलांतर घडवून मूळ लोकांना बदलले जात आहे’ अशा अर्थाचे पुस्तक लिहिले. त्याचे शीर्षक या चळवळीची घोषणा झाले. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे एका ऑस्ट्रेलियन तरुणाने दोन मशिदींत गोळीबार करून ५१ माणसे मारली, तेव्हा त्याच्या जाहीरनाम्यालाही तेच शीर्षक होते. वर्षभरापूर्वी त्याने सेल्नरला १५०० युरोंची देणगी पाठवली होती आणि दोघांत ईमेल झाले होते. हल्ल्याशी आपला काही संबंध नाही असे सेल्नरने सांगितले, आणि तसा संबंध सिद्धही झाला नाही. कायद्याच्या दृष्टीने तो विषय तिथे संपतो. परंतु युरोपात घडवलेली घोषणा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, शुक्रवारच्या नमाजाला बसलेल्या माणसांवर पडली. मृतांत पाच भारतीय नागरिक होते.

हांबाखला आलेल्या पोलिश पाहुण्याला व्यासपीठावर बोलावले गेले, कारण त्याचा देश गेला होता आणि यजमानांना तो त्याला परत मिळायला हवा होता. ‘तुला काय मिळायला हवे?’ असे पाहुण्याला विचारणारी परिषद आणि ‘कोण जायला हवे?’ असे विचारणारी परिषद बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्हीकडे मशाली असतात, तारुण्य असते आणि भाषणाला टाळ्याही तितक्याच पडतात. निमंत्रण स्वीकारणाऱ्या वक्त्याने आणि घरी बसून त्याचे भाषण वाचणाऱ्यानेही आधी तिथला प्रश्न कोणता आहे ते विचारून घ्यावे.